तिकडचे पाच, इकडचे अडीच

सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी लाइट गेली, आणि मी लॅपटॉप छातीशी धरून अनवाणीच गल्ली ओलांडली.

समोरच्या घराच्या तळमजल्यावर पंधरा दिवसांपूर्वी कुणी डॉक्टर भाड्यानं राहायला आले होते, एवढंच मला ठाऊक होतं. आणि त्या क्षणी दिसत होतं ते एवढंच, की अख्ख्या गल्लीत त्यांच्याच खिडकीत उजेड आहे. म्हणजे इन्व्हर्टर आहे! मी दार वाजवलं. दार उघडलं ते तोंडात ब्रश असलेल्या एका उंच माणसानं.

"लाइट... वर्ग... बेचाळीस मुलं," मी धापा टाकत म्हणाले. "आठ मिनिटांत. प्लीज."

मी वेडी तर नाही ना, असं दोन क्षण बघून त्यानं ब्रश न काढताच टेबलाकडे हात केला.

माझं खूळ समजावून सांगायला हवं. मी वैजयंती. दिवसा इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. आणि सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या नऊला, चीनमधल्या एका विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला ऑनलाइन शिकवते. विषय, इंग्रजी बोलणाऱ्या देशांची संस्कृती. इंग्रज माणूस रांगेत कसा उभा राहतो, अमेरिकन लोक नोव्हेंबरात टर्की का भाजतात, ऑस्ट्रेलियात 'येताना प्लेट आणा' असं सांगितलं तर ती रिकामी न्यायची नसते... हे सगळं मी शिकवते. आणि मी स्वतः? फार तर विजापूरपर्यंत गेलेय. पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे.

पण खरी काळजी ती नव्हती. ती बेचाळीस मुलं तिकडे एका मोठ्या वर्गात बसायची, समोर पडद्यावर मी. आणि तीन आठवड्यांत त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मी प्रश्न विचारायची आणि बेचाळीस माना खाली जायच्या.

त्याही दिवशी तेच. इंग्रज लोक अनोळखी माणसाशी हवामानावर का बोलतात, असं मी विचारलं. माना खाली. एवढ्यात माझ्या मागून, खांद्यावर टॉवेल टाकलेले डॉक्टर स्वयंपाकघराकडे निघाले होते, ते थबकले. पडद्याकडे वाकून बघितलं आणि सरळ चिनी भाषेत काहीतरी बोलले.

अख्खा वर्ग खदखदून हसला! मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिथली मुलं स्वतःसाठी एकेक इंग्रजी नाव निवडतात, हिनं घेतलं होतं रेनी. ती म्हणाली, "कारण हवामान कुणाच्याच बाजूचं नसतं, टीचर." मला तर रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

तास संपल्यावर मी आधी विचारलं ते हेच.

"काय बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"काही नाही."

"सांगा."

"म्हटलं, तुमच्या बाई तुमच्यापेक्षा जास्त घाबरल्यात. जरा दया करा."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. आणि रागावलेली असतानाच लक्षात आलं, की या माणसाच्या डोळ्यांत हसू आधी येतं आणि ओठांवर मागाहून.

नाव सुबोध. कुर्डुवाडीचे, वडील रेल्वेत. सहा वर्षं चीनमध्ये डॉक्टरकी शिकून परत आलेले, मग इथली परवान्याची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालेले, आणि आता एका खासगी हॉस्पिटलात नोकरी. मुलं का बोलत नाहीत तेही त्यांनीच सांगितलं. सगळ्यांसमोर चुकलो तर काय, या भीतीनं तिथं कुणी एकटं उभं राहत नाही. आधी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलू द्या, मग बाकाचं उत्तर विचारा. "आणि आपल्याकडं तरी काय वेगळं हाय? तुमच्या कॉलेजात कोण हात वर करतं?" खरंच कुणी करत नाही.

बाकांची युक्ती लागू पडली. वर्ग बोलायला लागला. त्या एप्रिलात लाइट रोज जायची, आणि ती गेली की मी समोर. गवती चहा तयार असायचा. मुलांनी डॉक्टरांना त्यांच्या चिनी ग्रुपवर घेतलं, मी त्यात नव्हते. कधीकधी मला वाटायचं, मी शिकवते त्याहून ती मुलं आम्हा दोघांकडेच जास्त बघतात.

एके दिवशी मी त्यांच्या टेबलावर तास घेऊन उठले तर ते दारात टेकून उभे होते.

"मॅडम, आज लाइट गेलीच नव्हती."

"हो का? मला कळलंच नाही..."

"पंखा चालू होता तुमच्या घरातला. इथनं दिसतो."

"मग आल्याआल्या का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू?" ते म्हणाले, आणि चहाचा कप माझ्या हातात देताना बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र सगळं बिनसलं. सुबोधना त्यांच्या जुन्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलातून पत्र आलं. दोन वर्षांचं प्रशिक्षण, हृदयरोगाचं. परत आल्यावर कुठंही दारं उघडतील असं. शुक्रवारी तिकडच्या पाच वाजेपर्यंत, म्हणजे आपल्या अडीचच्या आत, होकार कळवायचा. मला त्यांनी ते चहा गाळता गाळता सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी अभिनंदन म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जाऊ नका, असं सांगायला मी कोण होते त्यांची?

त्या रविवारी आईनं त्यांना जेवायला बोलावलं. तिच्या गुडघ्यावर त्यांनी फुकट उपचार केले होते, त्याची परतफेड कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं करायची होती. ते आले ते एक डबा घेऊन. लाल चकचकीत कागदात गुंडाळलेला. तो त्यांनी आईच्या नाही, माझ्या हातात दिला.

"उघडा की," ते म्हणाले.

"नंतर बघते."

"आत्ता उघडलंत तर बरं होईल..."

"ठेव गं," आई आतून म्हणाली. "माणसासमोर उघडतंय का कुणी?"

आमच्याकडे भेट देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. हावरेपणा दिसतो. मी डबा फ्रिजवर ठेवला. सुबोध जेवताना दोनदा फ्रिजकडे बघताना दिसले. ते गेल्यावर उघडायचा, तर आई समोरून हलेना. आणि खरं सांगायचं तर मला तो एकटीनंच उघडायचा होता.

सोमवारी दुपारी कॉलेजातून आले, तर फ्रिजवर डबा नाही.

"वच्छलाच्या वास्तुशांतीला दिला," आई म्हणाली. "आहेराच्या चादरी संपल्या हुत्या."

आईच्या कपाटातला खालचा कप्पा म्हणजे आलेल्या आहेरांचा थांबा. वस्तू येतात, कागदही न फाडता पुढच्या कार्याला जातात. एक डबा तर आमच्याकडे तीनदा येऊन गेलाय, कागदावरच्या शाईच्या डागावरून मी त्याला ओळखते. आत काय आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

"आई, तो माझा होता."

"तुझा कसा? जेवायला आलेला माणूस घरच्या बाईला आणतो. गुडघा माझा हाय."

मी हिरमुसले, पण मनाशी म्हटलं, एक वस्तू तर होती, जाऊ दे. आणि मग संध्याकाळी गल्लीत सुबोध भेटले. स्कूटर बंद करून, हेल्मेट काढून, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं...

"बघितलं का?"

तुमची भेट माझ्या आईनं मावशीला देऊन टाकली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी हसले. "हो. छान आहे."

"छान आहे?"

"हो... म्हणजे, आवडलं. थँक यू."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतलं ते आधी येणारं हसू मी पहिल्यांदाच विझताना पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि आत गेले. मंगळवारी लाइट गेली तेव्हा मी दार वाजवलं. टेबल मोकळं होतं, पण चहा नव्हता. ते आवरून ड्यूटीवर निघून गेले. बुधवारी तर किल्लीच घरमालकिणीकडे ठेवलेली. मी काय केलं तेच मला कळेना.

कळलं ते गुरुवारी सकाळी.

त्या दिवसाचा धडाच भेटवस्तूंचा होता. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत भेट देणाऱ्याच्या समोर उघडतात, मी सांगत होते. उघडली नाही तर त्याला वाटतं, आपली किंमत नाही. मुलं म्हणाली, त्यांच्याकडेही समोर उघडत नाहीत. आमच्याकडेही नाही, मी म्हटलं, आणि सगळे हसले. मग रेनीनं हात वर केला. ती हसत नव्हती.

"टीचर, मग डॉक्टरांची भेट तुम्ही कधी उघडलीत? आतल्या पत्राचं उत्तर द्यायला उद्या पाचपर्यंतच वेळ आहे."

पत्र?

हळूहळू सगळं बाहेर आलं. ग्रुपवर डॉक्टरांनी मुलांना विचारलं होतं, एक प्रश्न विचारायचाय, तोंडानं धीर होत नाही, काय करू? मुलांनी एकमतानं सांगितलं होतं, लिहून द्या आणि सरळ विचारा, संस्कृतीच्या तासाला टीचर तेच सांगतात. त्यांनी चहाच्या डब्यात एका ओळीचं पत्र घातलं होतं. काय लिहिलंय ते मुलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच समजेन.

आणि मी काय उत्तर दिलं होतं? छान आहे! थँक यू!

मी मुलांना सगळं खरं सांगितलं. डबा, आई, वास्तुशांत. तीन आठवडे तोंड न उघडलेला तो वर्ग एकदम एवढा बोलायला लागला की कुणाचं काय चाललंय कळेना. "शोधा, टीचर, शोधा," एवढंच ऐकू आलं.

मी कॉलेजला रजा टाकून वच्छलामावशीकडे गेले. मावशीनं कपाट उघडून दाखवलं. लाल डबा नव्हता. बुधवारी तिची भाची दिपाली हिच्या बाळाचं बारसं होतं, दुधनीला. तिथं दिला. मी दिपालीला फोन लावला, तर तिच्या सासूबाईंनी, सिद्धम्मांनी, उचलला.

"लाल कागदाचा डबा व्हय? आला हुता की. लई झकास. आता न्हाय तो हितं."

"मग कुठं गेला, आजी?"

"माझी भैन आली हुती अफजलपूरची. तिची ओटी भरून दिला की तिला. ती गेली सकाळच्या गाडीनं. तिच्याकडं फोन न्हाय गं, अव्वा."

मी मावशीच्या पायरीवर बसून राहिले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न कागदसुद्धा न फाटता कर्नाटकात गेला होता. समोर जाऊन खरं सांगावं, तर सुबोध चोवीस तासांच्या ड्यूटीवर आणि फोन बंद. आणि खरं म्हणजे मला धीरच नव्हता. मी खोटं बोलले होते. तेही हसत हसत.

शुक्रवारी सकाळी वर्गात मुलं वेळेच्या आधी येऊन बसली होती. मी सांगितलं, डबा मिळाला नाही. आता तो मिळणारही नाही. पुन्हा बेचाळीस माना खाली गेल्या. मला वाटलं, झालं. मी पुढचा धडा उघडला.

तेव्हा रेनी उभी राहिली. एकटीच, बाकाला न विचारता. तिचे कान लाल झाले होते.

"टीचर, तुम्ही शिकवलंत की त्या देशांत माणसं मनात आहे ते सरळ सांगतात. ते फक्त परीक्षेपुरतं आहे का?"

कुणीही हसलं नाही. तिच्यापाशी तो धीर होता आणि माझ्यापाशी नव्हता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या रीती शिकवल्या, आणि माझं स्वतःचं मन सांगायची वेळ आली तेव्हा छान आहे म्हणून मोकळी झाले. मला त्या माणसाचं बोलणं, त्याचा चहा, त्याचं ते टेबल सगळं हवं होतं. पत्र न वाचता मला हे ठाऊक होतं.

कॉलेजचे दोन तास टाळता येईनात. हॉस्पिटलात पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. खिडकीवरची बाई म्हणाली, डॉक्टर ओपीडीत आहेत, असं आत सोडता येणार नाही, केसपेपर काढा. मी केसपेपर काढला. माझा नंबर एकतीस. आत होता चौदा.

रांगेबद्दल मी एक अख्खा तास घेतलाय. त्या इंग्रजांच्या रांगेत मी उभी असते तर बरं झालं असतं. इथं एक आजोबा फक्त गोळी दाखवायला म्हणून मधे घुसले आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आले. एका बाईंबरोबर चार माणसं आत गेली. पंखा गरम वारा फेकत होता. दीड वाजला, बावीस नंबर. दोनला सत्तावीस. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवत होते आणि दर मिनिटाला बघत होते. दोन वाजून सोळा मिनिटांनी शिपायानं एकतीस असा पुकारा केला.

सुबोध मान खाली घालून लिहीत होते. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"नाव?"

"वैजयंती."

पेन थांबलं. पण मान वर झाली नाही. "काय त्रास होतोय?"

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "डबा मी उघडलाच नाही. त्यात पत्र होतं हेसुद्धा मला काल कळलं. आईनं तो आहेरात दिला. आता तो अफजलपुरात आहे."

आता त्यांनी वर बघितलं. "मग 'छान आहे' हे काय होतं?"

"शिष्टाचार."

"त्या शिष्टाचारावर मी चार दिवस काढलेत, मॅडम."

"माहितेय. म्हणून आले. पत्रात काय होतं मला ठाऊक नाही... पण उत्तर हो आहे."

मला वाटलं होतं, ते हसतील. त्यांचा चेहरा पार उतरला. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी चष्मा नाकावर नीट केला. "बरं. मग पाठवून टाकतो."

"काय पाठवता?"

"होकार. तेवढंच विचारलं होतं की मी... 'मी जाऊ का?'"

मी रुग्णाच्या स्टुलावर बसले. तोंडातून शब्द आपोआपच निघाले. "मला वाटलं, तुम्ही लग्नाचं विचारलंय. माझं हो त्याला होतं."

बाहेर शिपाई बत्तीस नंबरला दम देत होता.

"ते लिहायला बसलो होतो," सुबोध अखेर म्हणाले. "चार कागद फाडले. हिंमत झाली नाही, म्हणून जाण्याचं विचारलं. तुम्ही नको म्हणाला असता, तर पुढचं विचारणार होतो."

"प्रेम आहे माझं तुमच्यावर," मी म्हणाले. "लाइट असतानासुद्धा मी तुमच्याकडे येत होते. हे तुम्हाला कळत होतं आणि मलाही कळत होतं."

त्यांनी फोन उलटा ठेवला. डोळ्यांत आधी हसू आलं, मग ओठांवर. "मग जात नाही. विषय संपला."

दोन वाजून पंचवीस मिनिटं. मला हवं ते सगळं समोर येऊन बसलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायचं मला चांगलं येतं. पण या माणसानं एकच परीक्षा तीनदा दिली होती. आज मी त्याला अडवलं तर तो कधी बोलून दाखवणार नाही, मनातच ठेवेल. आणि मला ते रोज दिसेल.

"जा," मी म्हणाले.

"वैजयंती..."

"नको म्हणायचंच मनात होतं. आठवडाभर तेच घोकतेय. पण जा. दोन वर्षांनी या. मी आहे."

"दोन वर्षं म्हणजे काय, कळतंय का तुला?" त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटलं.

"कळतंय. लवकर पाठवा, नाहीतर मी रडेन."

त्यांचा अंगठा पडद्यावर नुसताच थांबून राहिला. दोन वाजून अठ्ठावीस. मग मी हात पुढे केला आणि बटण मीच दाबलं. होकार गेला. मग मी रडलेच. एक जाडजूड रुमाल त्यांनी खिशातून काढून दिला आणि बत्तीस नंबर आत आला तरी माझा हात सोडला नाही.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. रिकाम्या हातांनी, मुद्दाम. आई कणीक मळत होती. बसा म्हणायच्या आत त्यांनी उंबऱ्यातूनच, सरळ सांगितलं, की काकू, मला वैजयंतीशी लग्न करायचंय.

आईचे हात परातीत थांबले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या सुजलेल्या डोळ्यांवर तिची नजर जरा रेंगाळली. मी भिंतीला टेकले होते.

"चीनला जाणार म्हणं तुमी?"

"हो. दोन वर्षं."

"कवा?"

"ऑगस्टात."

आई पुन्हा कणीक मळायला लागली. एक मूठ, दोन मुठी. आम्ही दोघं तसेच उभे.

"मग साखरपुडा जायच्या आधी करायचा का आल्यावर, तेवढं आत्ताच सांगा," ती म्हणाली. "जूनमधले हॉल सगळे भरत आलेत."